इमारतीच्या काचेवर पक्षी पुन्हापुन्हा आदळतात: कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

स्थलांतराचा हंगाम लागला की माझ्याकडे एकाच धर्तीचे निरोप यायला लागतात. "इमारतीखाली परत मेलेला पक्षी सापडला. मागच्या वर्षीही याच दिवसांत सापडले होते." जाऊन पाहिलं तर बहुतेक ठिकाणी काचेच्या मधोमध ससाण्याच्या आकाराचं एकच काळं स्टिकर असतं आणि त्याच्या हातभर बाजूला पक्षी आदळल्याचा ताजा ठसा. लोकांची तळमळ खरी असते, पैसेही खर्च झालेले असतात, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झालेला असतो.

हे दुखणं बरं होतं, आणि मुळापासून बरं होतं. अख्खी इमारत क्वचितच दोषी असते. ठरावीक काचा आणि ठरावीक तास दोषी असतात. ते सापडले की काम आवाक्यात येतं. म्हणून खालच्या क्रमानेच जा, आधी फुकटचे उपाय, मग स्वस्त आणि शेवटी खर्चिक. कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं तेही त्या त्या जागी लिहिलं आहे.

लक्षणं

सर्वांत मोठी खूण म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी, काचेपासून दोन-तीन पावलांच्या आत पडलेले छोटे पक्षी. त्यात असे पक्षी असतात जे एरवी त्या परिसरात कोणी पाहिलेले नसतात: वटवटे, माशीमार, कस्तुर, नवरंग. चिमणी-पारव्यांच्या वस्तीत अचानक हिरव्या-निळ्या पंखांचा पाहुणा मरून पडलेला दिसला, तर तो रात्रीच्या प्रवासातून खाली उतरलेला असण्याची शक्यता जास्त.

दुसरी खूण काचेवर असते. पिसांवरची पूड आणि तेलकटपणा काचेला लागून पसरलेल्या पंखांची आकृती उमटते. होल्या-पारव्यांचा ठसा इतका स्वच्छ असतो की एकेक पीस मोजता येतं. लहान पक्ष्यांचा मात्र नखाएवढा धुरकट डाग आणि त्यात चिकटलेलं एखादं पिसाचं तूस, एवढंच दिसतं. असा डाग समोरून दिसत नाही. काचेच्या बाजूला उभं राहून, उजेड तिरका पडेल अशा कोनातून पाहा.

याशिवाय काचेखाली पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलेला पक्षी, रोज सकाळी त्याच कोपऱ्यात फिरणारं मांजर किंवा कावळे, आणि ढगाळ रात्री गच्चीवरच्या दिव्यांभोवती घिरट्या घालत बारीक आवाज काढणारे पक्षी, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं.

पुढे जाण्याआधी तीन वेगळी दुखणी बाजूला काढा.

एकच पक्षी दिवसचे दिवस त्याच खिडकीवर टोचा मारत असेल आणि त्याला काही इजा होत नसेल, तर तो विणीच्या काळात स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो आहे. शिंजीर, दयाळ, धोबी हे हमखास करतात. ती काच बाहेरून काही दिवस कागदाने किंवा कापडाने झाका, भांडण मिटतं. आखूड शेपटीचं, चोचीच्या कडा पिवळट असलेलं पिल्लू खाली सापडलं तर ते बहुधा घरट्यातून उतरलेलं असतं, आदळलेलं नसतं. तिसरा प्रकार गंभीर आहे. काचेपासून दूर, मोकळ्या जागेत किंवा पाण्याच्या कडेला बरेच पक्षी एकदम मेलेले दिसले, तर विषबाधा किंवा रोग असू शकतो. तिथे उघड्या हाताने काहीही उचलू नका, पशुवैद्यकीय किंवा वन्यजीव खात्याला लगेच कळवा. तो प्रश्न या लेखात सुटणारा नाही.

पहिली तपासणी: नोंदवही

खर्च शून्य, पण हीच पायरी सगळे गाळतात. "आमच्याकडे वर्षाला एखादाच मरतो," असं व्यवस्थापक सांगतात, तेव्हा मी पहाटे झाडलोट करणाऱ्या माणसांशी बोलते. त्यांचं उत्तर वेगळं असतं: "असतात की ताई, पानांबरोबर पिशवीत जातात." कार्यालय उघडेपर्यंत जागा स्वच्छ झालेली असते. झाडूतून सुटलेले पक्षी कावळे, मांजरं आणि घुशी उचलून नेतात. काही जखमी पक्षी उडून पुढच्या झुडपात जातात आणि तिथे मरतात. त्यामुळे तुम्हाला दिसतो तो आकडा नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असतो.

हंगामाचे निदान दोन-तीन आठवडे रोज उजाडताच, झाडू फिरायच्या आत, इमारतीभोवती एक फेरी मारा. दुपारी आणि संध्याकाळीही एकेक मारता आली तर उत्तम. प्रत्येक बाजूला आणि प्रत्येक मोठ्या काचेला क्रमांक द्या. पक्षी सापडला की तारीख, वेळ, काचेचा क्रमांक, आदल्या रात्रीचं आभाळ (मोकळं, ढगाळ, धुकं, पाऊस) आणि एक फोटो. नाव येत नसलं तरी चालेल, फोटोवरून नंतर ओळखता येतं. झाडलोट करणाऱ्यांना आणि रात्रीच्या सुरक्षारक्षकांना यात मानाने सामील करून घ्या. त्यांच्याइतकी त्या इमारतीची माहिती कोणालाच नसते.

या नोंदीला किती किंमत येऊ शकते त्याचं उदाहरण शिकागोचं आहे. तिथल्या फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलर्ड १९७८ पासून मॅककॉर्मिक प्लेस या तळ्याकाठच्या सभागृहाभोवती मेलेले पक्षी गोळा करत आणि नोंदवत आले. ४०,००० हून अधिक पक्ष्यांची ती नोंद आज या विषयातला पाया मानली जाते.

नोंद भरली की ती दोन प्रकारे वाचा. एक, कोणत्या काचा? खुणा दोन-तीन जागी दाटलेल्या दिसतील. दोन, कोणत्या वेळी? ढगाळ रात्रीनंतर पहाटे एकदम बरेच सापडत असतील तर दिव्यांचा हात मोठा आहे. उजाडल्यापासून सकाळभर एकेक करून सापडत असतील तर काचेचा. बहुतेक ठिकाणी दोन्ही असतं: रात्री दिवे त्यांना शहरात ओढून आणतात आणि सकाळी काच मारते.

"आमची इमारत काही उंच नाही," हा युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासानुसार तिथे इमारतींवर आदळून दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. साधारण ५६ टक्के मृत्यू चार ते अकरा मजली इमारतींवर आणि ४४ टक्के एक ते तीन मजली घरांवर होतात. एकेक उंच इमारत जास्त घातक ठरू शकते, पण बुटक्या इमारतींची संख्याच अफाट आहे. शिवाय पक्षी दिवसा झाडांच्या उंचीवर वावरतात, आणि त्याच उंचीवरच्या काचा सर्वांत आधी तपासायच्या असतात.

दुसरी तपासणी: रात्रीचे दिवे

बहुतेक लहान गाणारे पक्षी स्थलांतर रात्री करतात. हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांचा धोका कमी असतो. दिशा ठरवायला ते तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वापरतात. आभाळ मोकळं असेल तर ते शहराच्या बरेच वरून निघून जातात. ढग खाली आले, धुकं पडलं किंवा पाऊस लागला की तेही खाली येतात, आणि उजळलेल्या धुक्यात शिरले की दिव्याभोवती फिरत राहतात. दमून खाली उतरतात किंवा थेट भिंतीवर येतात.

दिवा बंद केला तर काय होतं? न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला स्मरण म्हणून आभाळात सोडल्या जाणाऱ्या दोन प्रकाशझोतांचा रडारने अभ्यास झाला. अभ्यासलेल्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाला होता. झोत बंद करताच पक्षी काही मिनिटांत पांगत. म्हणूनच तिथे झोतांत हजारावर पक्षी अडकले की दिवे वीस मिनिटं बंद ठेवतात. शिकागोच्या त्याच सभागृहाच्या नोंदींवरून २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष याहून व्यवहाराचा आहे: उजळलेल्या खिडक्यांचं क्षेत्र निम्मं केलं, तर आदळण्याचं प्रमाण वसंतात ११ पट आणि शरदात ६ पट घटू शकतं. काळोखी खिडकी आणि उजळलेली खिडकी, एकाच भिंतीतल्या, आणि फरक इतका.

तेव्हा हंगामात रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत पुढच्या क्रमाने दिवे घालवा. सर्वांत आधी शोभेचे: इमारतीवर खालून वर मारलेले झोत, गच्चीवरची पाटी, कारंज्याचे आणि झाडांवरचे दिवे. त्यांचा कोणाला उपयोग नसतो आणि त्यांचा उजेड थेट आभाळात जातो. मग लॉबी आणि उंच काचेच्या दालनातले. मग रिकाम्या कचेऱ्यांतले.

कचेऱ्यांत खरी अडचण बटणाची नसून वेळापत्रकाची असते. रात्रीची सफाई सुरू असते म्हणून अख्खे मजले पहाटेपर्यंत लख्ख पेटलेले असतात. सफाई दिवसा किंवा संध्याकाळी घेता आली तर हा प्रश्न एका झटक्यात सुटतो. नाही घेता आली, तर ज्या मजल्यावर काम चालू आहे तेवढाच पेटवा आणि पडदे ओढा. जिने आणि मार्गिकांत माणसाच्या हालचालीवर पेटणारे सेन्सर बसवा.

इथे एक मर्यादा पाळायची आहे. आपत्कालीन मार्गाचे दिवे, अग्निसुरक्षेचे दिवे आणि विमानांना इशारा देणारे गच्चीवरचे लाल दिवे यांना स्वतःहून हात लावू नका. इशाऱ्याच्या दिव्यांत सतत पेटणारे दिवे पक्ष्यांना जास्त ओढतात, लुकलुकणारे कमी, हे दूरसंचार मनोऱ्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. पण तो बदल विमानवाहतूक नियमांच्या चौकटीतच, अधिकृत विद्युत अभियंत्याकडून आणि परवानगी घेऊनच करायचा.

संपूर्ण हंगाम दिवे बंद ठेवायला इमारत तयार नसेल तर निदान धोक्याच्या रात्री तरी ठेवा: जोरदार स्थलांतर सुरू असताना खाली आलेले ढग, धुकं, रिमझिम. अमेरिकेत बर्डकास्ट हा उपक्रम रडारवरून अशा रात्रींचा अंदाज देतो. जिथे तशी सोय नाही तिथे स्थानिक पक्षीनिरीक्षकांना विचारा. कोणत्या आठवड्यात लोंढा येतो हे ते तोंडपाठ सांगतात.

तिसरी तपासणी: काचेच्या आतली आणि बाहेरची मांडणी

ही झटपट होणारी तपासणी आहे. खिडकीला टेकून ठेवलेल्या मोठ्या कुंड्या बाहेरून झाडोऱ्यासारख्या दिसतात. त्या आत सरकवा. समोरासमोर दोन खिडक्या असतील तर पक्ष्याला आरपार मोकळी वाट दिसते. एका बाजूचा पडदा ओढून ठेवा. खाद्याचं किंवा पाण्याचं भांडं काचेपासून तीन-चार मीटरवर असेल तर ती धोक्याची जागा, कारण दचकून उडालेला पक्षी तेवढ्या अंतरात पूर्ण वेग घेतो. एक तर भांडं काचेच्या एक मीटरच्या आत आणा, म्हणजे वेगच येणार नाही, किंवा नऊ-दहा मीटर दूर न्या.

चौथी तपासणी: पक्ष्याच्या जागेवरून पाहणं

माझ्या मते संपूर्ण निदान इथे होतं. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, नोंदीत दोषी ठरलेल्या काचेसमोरच्या झुडपाशी जा, उकिडवे बसा आणि काचेकडे पाहा. फोनने फोटोही काढा, कारण डोळ्याला सवयीने चौकट दिसते आणि फोटोत फक्त दृश्य उरतं.

फोटोत झाड किंवा आभाळ दिसलं तर दोष प्रतिबिंबाचा. गडद रंगाच्या आणि आरशासारख्या काचा यात सर्वांत घातक. काचेतून पलीकडची हिरवळ किंवा आभाळ दिसलं तर दोष पारदर्शकतेचा: काचेचे कठडे, दोन इमारतींना जोडणारे काचेचे पूल, जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या आणि जिथे दोन काचा कोनात मिळतात ते कोपरे. कोपऱ्याच्या काचेला मी नेहमी संशयितांत वर ठेवते. पक्ष्याला तिथे कोपरा कापून जाणारी वाट दिसते आणि तो वेगाने येतो.

पक्ष्याला काच का कळत नाही? माणूस चौकट, कडी, डाग अशा खुणांवरून ओळखतो आणि ते लहानपणीच शिकलेला असतो. बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्यांची नजर बाजूंना आणि मागे फार चांगली पोहोचते, समोरचं खोलीचं भान मात्र आपल्याइतकं नसतं. समोर झाड दिसतं म्हणजे त्यांच्या लेखी तिथे झाड आहे. दाट फांद्यांतून तळहाताएवढ्या फटीतून उडायची त्यांना सवय असते. म्हणून एका मोठ्या स्टिकरने काही साधत नाही. स्टिकर चुकवून पक्षी शेजारच्या "मोकळ्या" जागेत घुसतो. तळहाताएवढी मोकळी जागा कुठेच राहू नये, हा या सगळ्या विद्येचा गाभा आहे. अमेरिकेतले पक्षीशास्त्रज्ञ डॅनिअल क्लेम १९७० च्या दशकापासून काच आणि पक्षी या विषयावर प्रयोग करत आले आहेत. त्यांच्या कामातून आणि नंतरच्या चाचण्यांतून आज जो नियम सर्वमान्य झाला तो असा: खुणांमधलं अंतर आडवं आणि उभं दोन्हीकडे ५ सेंटिमीटरहून जास्त नको.

आणखी एक तपास याच वेळी करा. आतून काचेला एक पांढरा कागद चिकटवा आणि बाहेरून पाहा. कागद दिसला नाही, फक्त झाडाचं प्रतिबिंब दिसलं, तर आतून लावलेला कोणताही उपाय वाया जाणार हे पक्कं समजा. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, म्हणून बाहेरच्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब आतल्या सगळ्याला झाकून टाकतं. खुणा बाहेरूनच लागतात.

पाचवी तपासणी: स्वस्त उपायाने खात्री

महागडं काम हाती घेण्याआधी दोषी ठरवलेली काच खरोखर तीच आहे का, हे हंगाम सुरू असतानाच पडताळून घ्या. बाहेरच्या बाजूने ओल्या साबणाच्या वडीने किंवा पोस्टर रंगाने ५-५ सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा. सुबक दिसण्याची गरज नाही. पाऊस साबण धुऊन नेईल, मग परत मारा. दोन-तीन आठवड्यांत त्या काचेखाली पक्षी सापडायचे थांबले आणि शेजारच्या न रंगवलेल्या काचांखाली सापडत राहिले, तर पुरावा हातात आला. हाच पुरावा पुढे खर्चाची मंजुरी मागताना उपयोगी पडतो. सभेत रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या काचेखालच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की फारसं बोलावं लागत नाही.

घरं आणि बुटक्या इमारतींना इथेच कायमचा उपायही मिळतो. खिडकीच्या वर आडवी पट्टी बसवून तिच्यातून १०-१० सेंटिमीटरवर जाड दोऱ्या काचेसमोर लोंबत सोडा, खालची टोकं मोकळी. वाऱ्याने त्या हलतात, म्हणून अंतर थोडं जास्त असूनही पक्षी चुकवतात. दुसरा उपाय म्हणजे मच्छरदाणीची जाळी, पण काचेच्या बाहेरून, ताणून आणि काचेपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे. ती प्रतिबिंब मोडते, आणि तरीही कोणी आदळलाच तर काचेला न लागता परत फेकला जातो. जाळी सैल ठेवू नका, पाय अडकतात.

सहावी तपासणी: ठिपक्यांची फिल्म

मोठ्या काचांना हा टिकाऊ उपाय. बाजारात ठिपक्यांच्या पट्ट्या मिळतात. पट्टी चिकटवून पारदर्शक आवरण सोललं की फक्त ठिपके काचेवर राहतात. ठिपका निदान ६ मिलिमीटर व्यासाचा, रेघ असेल तर निदान ३ मिलिमीटर जाडीची.

"काच झाकली जाईल, उजेड जाईल" ही भीती प्रत्येक सभेत येते. हिशेब करून दाखवा. एक मीटर रुंद आणि दीड मीटर उंच काचेवर ५ सेंटिमीटरच्या जाळ्यात साधारण ६०० ठिपके बसतात. ६ मिलिमीटरचे ६०० ठिपके मिळून काचेचा एक टक्क्याहून किंचित जास्त भाग झाकतात. आत बसलेल्या माणसाला दोन दिवसांत ते जाणवेनासे होतात.

रंग निवडताना फोटो परत काढून पाहा. प्रतिबिंब गडद असेल, म्हणजे झाडांचं, तर पांढरे किंवा फिकट ठिपके उठून दिसतात. पाठीमागे उजळ आभाळ असेल तर काळे किंवा गडद. ठिपके चौकटीला टेकेपर्यंत न्या. कडेला पंधरा-वीस सेंटिमीटरचा मोकळा पट्टा सोडला की आदळणं त्या पट्ट्यात सरकतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पैसे कमी असतील तर सगळ्या काचांवर विरळ लावण्यापेक्षा दोषी काचा पूर्ण करा, जमिनीपासून समोरच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत.

शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसवर ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे एकाच इमारतीखाली हजाराच्या आसपास पक्षी मरून पडले. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या काचांवर अशीच ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्यानंतरच्या शरदातल्या स्थलांतरात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. न्यूयॉर्कच्या जेविट्स सेंटर या प्रदर्शन-संकुलात नूतनीकरणाच्या वेळी आरशासारख्या काचा काढून ठिपके भाजलेल्या, म्हणजे कारखान्यातच काचेवर ठिपके पक्के केलेल्या, काचा बसवल्या. तिथली घट सुमारे ९० टक्के.

ज्यांवर पैसे घालू नका असं मी स्पष्ट सांगते ते उपाय: सुट्टे ससाण्याचे स्टिकर, घुबडाचे पुतळे आणि आवाजाची यंत्रं. पक्षी त्यांना सरावतात किंवा दुर्लक्ष करतात. अतिनील खुणांबद्दलही, म्हणजे माणसाला जवळपास न दिसणाऱ्या पण पक्ष्यांना दिसतील अशा आशेने लावलेल्या खुणांबद्दल, सावध राहा. अनेक लहान पक्ष्यांना अतिनील रंग दिसतो, पण सगळ्या पक्ष्यांना सारखा नाही, आणि पहाटेच्या मंद उजेडात, नेमक्या धोक्याच्या वेळी, तो फार कमी असतो. घ्यायचंच असेल तर स्वतंत्र चाचणीत उत्तीर्ण झालेलंच उत्पादन घ्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पहिल्या मजल्याच्या वर बाहेरून काहीही लावायचं असेल तर शिडी लावू नका. लटकत्या पाळण्यावर किंवा दोरावर काम करणारे प्रशिक्षित लोकच बोलवा. त्यांना आधीच ५ सेंटिमीटरचा नियम लिहून द्या, कारण काम लवकर उरकायला अंतर वाढवण्याकडे कल असतो. पहिली काच लागली की स्वतः पट्टी धरून मोजा.

दुहेरी काचांवर किंवा उष्णता शोषणाऱ्या काचांवर अख्खी काच झाकणारी फिल्म लावायची असेल तर काच बनवणाऱ्याचा लेखी होकार घ्या. असमान तापल्याने काच तडकू शकते आणि हमीही रद्द होऊ शकते. काचेचे कठडे, जाळ्यांचे मोठे सांगाडे, दर्शनी भागावरच्या उभ्या पट्ट्या यांच्यावर वाऱ्याचा भार येतो. तिथे संरचना अभियंता हवाच. गच्चीच्या झोतांची तोंडं खाली वळवणं, वर उजेड न सोडणारी आवरणं बसवणं, टायमर जोडणं ही विद्युत कारागिराची कामं आहेत.

नवी इमारत किंवा मोठं नूतनीकरण असेल तर वास्तुरचनाकाराशी आराखड्याच्या टप्प्यावरच बोला. ठिपके भाजलेली काच सुरुवातीलाच मागवली तर नंतर फिल्म लावण्याचा वेगळा खर्च उरत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने नव्या इमारतींना जमिनीपासून ७५ फुटांपर्यंतच्या बाहेरच्या काचेपैकी निदान ९० टक्के पक्षीसुरक्षित ठेवणं बंधनकारक केलं. टोरोंटोत त्याआधीपासून असे निकष आहेत. १९९३ पासून तिथे काम करणाऱ्या फ्लॅप या स्वयंसेवी संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे.

जखमी पक्ष्यासाठी तुमचं काम फक्त एवढं: झाकणाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड अंथरून त्याला हलकेच ठेवा, खोकं बंद करा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, दाणे भरवू नका, सारखं उघडून पाहू नका. धक्क्यातल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जातं. खोलीत खोकं उघडू नका, बाहेर मोकळ्या जागी, काचांपासून दूर उघडा. तास-दोन तासांत तो जोरात उडून गेला तर ठीक. पंख लोंबत असेल, डोळा सुजला असेल, रक्त असेल, मान वाकडी राहत असेल किंवा दोन तासांनंतरही उडत नसेल, तर लगेच वन्यजीव उपचार केंद्राकडे न्या. उडता येणाऱ्या पक्ष्यालाही आतून इजा झालेली असू शकते, त्यामुळे केंद्र जवळ असेल तर वाट न पाहता थेट तिथेच नेणं बरं. घरी ठेवून घेऊ नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी घरच्या उपचारांनी असे पक्षी मरतात.

काम झाल्यावर

नोंदवही बंद करू नका. उपायाची परीक्षा पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात, त्याच आठवड्यांत होते. मधल्या शांत महिन्यांतली "एकही पक्षी मेला नाही" ही नोंद काहीच सिद्ध करत नाही. आकडा घटला पण शून्यावर आला नाही, तर उरलेले मृत्यू कोणत्या काचेखाली आहेत ते पाहा. बहुधा पहिल्या फेरीत सुटलेला कोपरा किंवा कठडा निघतो, आणि चौथ्या तपासणीपासून परत सुरुवात करायची असते.

काच पुसणाऱ्यांना ठिपके कशासाठी आहेत ते सांगून ठेवा, नाहीतर धातूच्या पात्याने खरवडून निघतात. सोललेल्या कडा वर्षातून एकदा तपासा. झाडं वाढली की प्रतिबिंब वरच्या मजल्यांवर चढतं, तेव्हा तिथलाही फोटो काढून पाहा. आणि फुटलेली काच बदलताना नवी काच कोरीच बसवली जाते, हे जवळपास प्रत्येक इमारतीत घडतं. म्हणून ठिपक्यांच्या पट्ट्यांचा एक जादा गुंडाळा देखभाल खात्याच्या कपाटात ठेवा आणि काच बदलण्याच्या कामाच्या यादीतच "ठिपके लावणे" ही ओळ घाला.